यमुनेपलीकडचे काबूल

चैत्र सरत आला की उत्तर हिंदुस्थानात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून काही ठरावीक विषय चर्चेस येतात. मुलांच्या परीक्षा केव्हा संपतात, गावाकडच्या गाडीची तिकिटे मिळतात की नाही, लू सुरू होण्यापूर्वी कूलरची डागडुजी होते की नाही, हे त्यांतील तातडीचे विषय. त्यांच्या मागोमाग येतात ते धाकटे विषय. सरकारी घराच्या मागे जी चार हात जागा असते तीत यंदा भेंडी लावावी की मोगऱ्याची कलमे लावावी? आपण दीड महिना गावी गेल्यावर कुंड्यांना पाणी कोणी घालावयाचे? मांजरीला दूध कोण देणार? आणि या साऱ्या चर्चेचा समारोप बहुधा एकाच प्रश्नाने होतो: उद्या बदली झाली तर हे सारे कोणासाठी?

हा प्रश्न आपणांस वाटतो तितका नवा नाही. पाचशे वर्षांपूर्वी, ऐन वैशाखाच्या उन्हात, आग्र्यास नव्याने आलेल्या एका गृहस्थापुढे तो असाच उभा राहिला होता. हा गृहस्थ कारकून नव्हता, बादशहा होता, एवढा फरक आरंभीच मान्य केला पाहिजे. पण तोही परमुलखातून आला होता. त्यालाही येथील हवा, पाणी व अन्न रुचले नव्हते. त्याचेही चित्त मागे राहिलेल्या गावात गुंतले होते. शिवाय रोजच्या गोष्टी लिहून ठेवण्याची त्याला सवय होती, आणि हीच सवय त्याच्या पणतूलाही होती. या दोघांच्या आठवणी, आणि मधल्या काळासाठी अबुल फझलने लिहिलेली ‘आइन-ए-अकबरी’, हे तीन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे लढायांच्या व तहांच्या आड दडलेला एका घराण्याचा उन्हाळा, त्याची बाग आणि त्याची पाळीव पाखरे डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पानिपतची पहिली लढाई एप्रिल 1526 मध्ये झाली. दिल्लीत थोडे दिवस घालवून बाबर 10 मे रोजी आग्र्यात शिरला आणि इब्राहिम लोदीच्या वाड्यात उतरला. त्या वर्षीचा उन्हाळा विलक्षण कडक होता. विषारी वाऱ्याने माणसे आजारी पडत व पटापट मरत, अशी नोंद बाबराने केली आहे. नव्या सैन्याच्या धाकाने आसपासची गावे ओस पडली होती. माणसांना धान्य नव्हते, घोड्यांना वैरण नव्हती. अशा स्थितीत त्याच्या सरदारांनी एकच धोशा धरला, तो म्हणजे परत काबूलला जाण्याचा. बाबराने त्यांना एकत्र बोलावून समजावले: इतकी वर्षे कष्ट सोसून, जीव धोक्यात घालून जे मिळविले ते आता कोणत्या कारणासाठी टाकावयाचे? तरीही ज्यांना जावयाचे होते त्यांना त्याने अडविले नाही. त्याचा जुना सोबती ख्वाजा कलान हा गेलाच. आणि जाताना दिल्लीतील आपल्या घराच्या भिंतीवर हिंदुस्थानची पुन्हा इच्छा न धरण्याच्या आशयाचा एक शेर लिहून गेला. बाबराला तो झोंबला. सामान बांधून निघालेला सहकारी मागे राहणाऱ्याला असे काही ऐकवून गेला म्हणजे कसे वाटते, हे बदलीच्या नोकरीत असलेल्यांना निराळे सांगावयास नको.

बाबर स्वतः तरी कोठे संतुष्ट होता? त्याने हिंदुस्थानच्या उणिवांची जी यादी दिली आहे ती प्रसिद्ध आहे. येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही. बाजारात चांगली रोटी मिळत नाही. हमामखाने नाहीत, मेणबत्त्यासुद्धा नाहीत. त्याने जमेच्या बाजूही लिहिल्या आहेत: देश मोठा आहे, सोने-चांदी विपुल आहे, पावसाळ्यातील हवा सुंदर असते आणि प्रत्येक कामासाठी कुशल कारागीर हवे तितके मिळतात. पण पावसाळ्याचे कौतुक संपते न संपते तोच दमट हवेने धनुष्ये, चिलखते आणि पुस्तके बिघडतात, ही तक्रार येतेच. येथील तीन गोष्टींनी आपणांस विशेष पीडा दिली असे तो म्हणतो: उष्मा, वारा आणि धूळ. ही त्रयी दिल्ली-आग्र्याच्या कोणत्याही रहिवाशाला आजही परिचित आहे.

येथपर्यंतची हकिकत म्हणजे केवळ एका प्रवाशाची कुरकुर होय. बाबराचे वैशिष्ट्य यापुढे दिसते. आग्र्यास आल्यावर थोड्याच दिवसांत तो बागेसाठी जागा शोधण्याकरिता यमुना ओलांडून पैलतीरी गेला. ती जमीन त्याला इतकी भकास आणि किळसवाणी वाटली की तेथे चारबाग करण्याचा विचारच त्याने मनातून काढून टाकला. परंतु आग्र्याजवळ दुसरी जागा नव्हती. तेव्हा काही दिवसांनी त्याच नावडत्या जमिनीवर त्याने काम सुरू केले. कालक्रम येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. राणा संगाशी खानव्याची लढाई व्हावयाची होती. ती मार्च 1527 मध्ये झाली. म्हणजे आपण या देशात टिकणार की उखडले जाणार हे ठरलेले नसताना बाबराने पैलतीरावर विहीर खोदावयास घेतली.

आरंभ विहिरीपासून झाला, हे कोणत्याही बागवानाला पटेल. काबूलच्या परिसरात डोंगरउतारावरून वाहते पाणी आयते मिळे आणि बागेची आखणी त्या प्रवाहाच्या अनुरोधाने होई. आग्र्याच्या सपाट, रेताड भूमीत पाणी वर चढवून आणल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्यासाठी येथे कोणती साधने वापरतात याचे बाबराने बारकाईने वर्णन केले आहे. लाहोर-सरहिंदकडे रहाट होता. आग्र्याच्या बाजूस होती ती मोट. विहिरीच्या काठी दुबेळके लाकूड, त्यात फिरणारे चाक, दोरास बांधलेली मोठी मोट, एक माणूस बैल हाकणारा आणि दुसरा मोट उपसणारा! हे वर्णन वाचताना आपल्याकडच्या जुन्या मळ्याचे चित्र मनासमोर उभे राहते. पण बैलांच्या वाटेवरून शेणामुतात बरबटलेला दोर पुन्हा विहिरीत उतरतो, हे पाहून बाबराला शिसारी आली, आणि तेही त्याने लिहून ठेवले.

प्रथम विहीर, मग तलाव, मग बैठकीची जागा, मग खासगी निवासाभोवतीची बाग, मग हमाम, अशा क्रमाने काम चालले. हळूहळू त्या ओबडधोबड भूमीत आखीव वाफे उमटले आणि वाफ्यांतून गुलाब व नर्गिस लागले. बाबराचे पाहून त्याच्या सरदारांनीही नदीकाठी आपापल्या बागा आणि हवेल्या उठविल्या. असल्या आखणीची बांधकामे आग्र्याच्या लोकांनी पूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी यमुनेच्या त्या बाजूला नाव देऊन टाकले, ‘काबूल’. या नावात कौतुक किती आणि थट्टा किती, हे ठरविणे कठीण आहे. नव्या साहेबाने आपले गाव उचलून येथे आणून ठेवले, असा भाव मात्र त्यात स्पष्ट दिसतो. त्या काबूलला हात लागले ते हिंदुस्थानी. आग्र्यातील इमारतींवर केवळ आग्र्याचेच 680 पाथरवट रोज राबत होते, आणि आग्रा, सिक्री, बयाना, धोलपूर, ग्वाल्हेर व कोईल मिळून 1491, असे आकडे बाबरानेच दिले आहेत. ओस पडलेली गावे आणि राबते हात या दोन्ही गोष्टी बागेच्या जमाखर्चात धरल्याच पाहिजेत.

बाग करणारा माणूस फार काळ नुसता तिरस्कार करीत राहू शकत नाही. जमिनीशी व्यवहार सुरू झाला की तीवर काय उगवते हे त्याला पाहावेच लागते. ‘बाबरनाम्या’तील हिंदुस्थानच्या प्राण्यांचे, झाडांचे व फुलांचे वर्णन हे या पाहण्याचे फळ आहे. जास्वंद, कण्हेर, केवडा, चमेली यांचा त्याने नीट परिचय करून दिला आहे. आंबा चांगला असला तर फारच चांगला असतो, पण खाल्लेल्यांपैकी उत्तम थोडेच निघतात, हा त्याचा अभिप्राय कोकणातील माणसाला कदाचित मान्य होणार नाही. मात्र कच्च्या कैरीचे तोंडीलावणे आणि पाकात घातलेला आंबा यांची त्याने केलेली स्तुती त्यालाही आवडेल. 1528 मध्ये ग्वाल्हेर पाहावयास गेला असता तेथील एका बागेत त्याला सुरेख लाल कण्हेर दिसली. इतर ठिकाणची कण्हेर पीचच्या फुलासारख्या गुलाबी रंगाची असते, असे त्याने लिहिले आहे. त्याने ती रोपे आग्र्यास नेऊन आपल्या बागांतून लावली. काबूलची आठवण म्हणून सुरू झालेल्या बागेत अशा रीतीने ग्वाल्हेरची कण्हेर येऊन बसली.

पोपटासंबंधीची त्याची नोंद तर मोठी गमतीची आहे. पोपट शिकविलेलेच शब्द बोलतो अशी बाबराची समजूत होती. त्याच्या एका निकटच्या माणसाने सांगितले की आपल्या पोपटाच्या पिंजऱ्यावर आच्छादन घातले असता तो पक्षी स्वतः होऊनच, तोंडावरचे काढा, जीव गुदमरतो, असे बोलला. बाबराने ही हकिकत लिहिली आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी सांगणाराच्या शिरावर टाकली. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावाचून विश्वास ठेवणे कठीण, असा शेराही मारला. टिप्पणी लिहिण्याचे काम करणाऱ्याने यापासून थोडे शिकण्यासारखे आहे.

असे असले तरी मूळ गावाची ओढ सुटली नव्हती. फेब्रुवारी 1529 मध्ये बाबराने ख्वाजा कलानला, त्याच शेर लिहून गेलेल्या सोबत्याला, काबूलला पत्र धाडले. येथील कामे मार्गी लागत आहेत, ती उरकताच मी तिकडे येतो, असे त्यात आहे. काबूलकडील एका बागेस पाणी कसे आणावे, रोपे व सुवासिक फुलझाडे कशी लावावी, याच्याही सूचना आहेत. आणि मग एक कबुली आहे: नुकतेच कोणी एक खरबूज आणून दिले, ते कापून खाताना मन विलक्षण हेलावले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आप्तेष्टांनी गावाहून पाठविलेली आंब्याची पेटी दूरदेशी उघडताना ज्याचा गळा एकदा तरी दाटून आला असेल, त्याला या बादशहाचे अश्रू परके वाटणार नाहीत.

त्याच वर्षी जूनमध्ये, पूर्वेकडील मोहीम आटोपून, बाबर आग्र्यास परतला आणि आपल्या ‘हश्त बिहिश्त’ नावाच्या बागेत उतरला. खरबुजे पिकविण्यासाठी बल्खचा एक माळी त्याने कामावर ठेवला होता. त्या माळ्याने लहानशी, पण उत्तम खरबुजे आणून त्याच्यापुढे ठेवली. बागेत लावलेल्या एकदोन वेलींना चांगली द्राक्षेही लागली होती. हिंदुस्थानच्या भूमीत खरबूज आणि द्राक्ष पिकलेले पाहून आपले समाधान परिपूर्ण झाले, असे त्याने लिहिले आहे. फेब्रुवारीतील अश्रू आणि जूनमधील समाधान यांच्यामध्ये अवघ्या चार महिन्यांचे अंतर आहे. परक्या गावाशी माणसाचे जे नाते जडते ते अशाच एखाद्या उन्हाळ्यात, आपल्या हातांनी लावलेल्या वेलीपाशी.

बाबराचा नातू अकबर हिंदुस्थानातच जन्मला. येथील उन्हाळा त्याला परका नव्हता, म्हणून त्याच्या घरातील योजनांचे स्वरूपही निराळे दिसते. आजोबांनी थंड पाणी नाही म्हणून तक्रार केली. नातवाने ते थंड करण्याची सोय केली. सोरा पाण्यात ढवळला की ते पाणी गार होते आणि त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरविली की आतील पाणी निवते. पाच शेर पाण्यास अडीच शेर सोरा हे प्रमाणही अबुल फझलने नोंदविले आहे. तोफेच्या दारूत जातो त्या सोऱ्याने बादशहाची तहान शांत व्हावी, यातील विरोधाभास त्या चतुर लेखकाच्या नजरेतून सुटलेला नाही. 1586 च्या सुमारास दरबार लाहोरात असताना डोंगरांतून बर्फही येऊ लागले. वाळ्याच्या खोल्या करून त्यांवर पाणी शिंपडावे, म्हणजे भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, या युक्तीचे श्रेय अबुल फझल अकबरालाच देतो. दरबारी इतिहासकाराने दिलेले श्रेय थोडे हातचे राखूनच घ्यावे. पण आपण माठात वाळ्याची जुडी टाकतो किंवा खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो तेव्हा त्याच जुन्या विद्येचा उपयोग करीत असतो. अकबराला कबुतरांचाही मोठा नाद होता. त्यांची संख्या वीस हजारांवर असून त्यांतील पाचशे निवडक मानली जात, आणि त्यांच्या उड्डाणाच्या खेळास त्याने ‘इश्कबाजी’ असे नाव दिले होते.

तिसरी पिढी जहांगिराची, म्हणजे बाबराच्या पणतूची. त्याची 1618 सालची उन्हाळी योजना पार विसकटली. गुजरातेतून आग्र्यास परतावे असा त्याचा बेत होता. पण उष्मा वाढला, वाटेतील अडचणी दिसू लागल्या आणि त्याला मागे फिरून पावसाळाभर अहमदाबादेत राहावे लागले. तेथे तापाची साथ आली. तो स्वतःही आजारी पडला. धुळीला कंटाळून त्याने त्या सुंदर शहराला गर्दाबाद, बीमारिस्तान, फार काय जहन्नुमाबाद अशीही नावे ठेवली. पणजोबांची तक्रारवही पणतूने पुढे चालू ठेवली म्हणावयाची!

परंतु याच कंटाळवाण्या मुक्कामात त्याच्या लेखणीतून एक सुंदर प्रकरण उतरले. सारस पक्ष्यांची एक जोडी त्याने पाच वर्षे पाळली होती. ती महिन्याभराची पिले असताना हाती आली होती व त्यांची नावे लैला आणि मजनू अशी ठेवली होती. त्या पावसाळ्यात लैलेने अंडी घातली. रात्रभर मादी अंड्यांवर बसे आणि नर जवळच उभा राहून पहारा करी; कोणताही प्राणी जवळ फिरकला तर अंगावर धावून जाई. सूर्य उगवला की तो मादीपाशी येऊन चोचीने तिची पाठ खाजवी. मग ती उठे आणि तो बसे. असे पाळीपाळीने करीत चौतीस दिवसांनी पिलू बाहेर आले. साम्राज्याचा धनी दिवस मोजीत घरट्याकडे पाहत होता. ही नोंद सारसांच्या विणीसंबंधीच्या जुन्या व काटेकोर नोंदींत आजही गणली जाते. हाच जहांगीर शिकारीचाही तितकाच शौकीन होता. 1617 पर्यंत स्वतः मारलेल्या जनावरांची त्याने करविलेली मोजदाद 17,167 इतकी भरते. एकाच वहीत ही संख्या आणि लैला-मजनूचे घरटे, दोन्ही आहेत. इतिहासाने यांतील कोणतेही पान फाडू नये.

जहांगिराच्या हौशीचा धागा आपल्या गोव्यापर्यंतही पोहोचतो. मुकर्रबखानाला त्याने दुर्मिळ वस्तू खरेदी करण्यासाठी गोव्यास पाठविले होते. 1612 मध्ये त्याने आणलेल्या प्राण्यांत एक टर्की पक्षी होता. क्षणोक्षणी रंग पालटणाऱ्या त्या मानेचे वर्णन करून बादशहा थांबला नाही, तर चित्रकारांना तिचे चित्र काढावयास सांगितले. मन्सूरच्या कुंचल्यातून उतरलेला टर्की आज लंडनच्या संग्रहालयात आहे. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले अननस आग्र्याच्या गुल-अफशान बागेत दरवर्षी हजारोंनी पिकतात, असेही त्याने अभिमानाने लिहिले आहे. ही गुल-अफशान बाग यमुनेच्या पैलतीरी बाबराने लावलेली. तिच्यासारखी सुंदर ठिकाणे थोडीच असतील, असे पणतूचे मत होते. म्हणजे जी जमीन पाहून पणजोबांना किळस आली होती, तीच तीन पिढ्यांनंतर सौंदर्याचा नमुना ठरली.

बाबर स्वतः हे पाहावयास उरला नाही. कामे उरकताच येतो म्हणून लिहिणारा तो गृहस्थ काबूलला जिवंतपणी परतलाच नाही. 26 डिसेंबर 1530 रोजी आग्र्यात त्याचा अंत झाला. प्रथम तेथेच यमुनाकाठच्या बागेत त्याला पुरले आणि पुढे काही वर्षांनी त्याचा देह काबूलच्या त्याच्या आवडत्या बागेत नेण्यात आला. आग्र्यास आज ‘रामबाग’ म्हणून जी बाग दाखवितात ती परंपरेने बाबराची समजली जाते; तिचे आजचे रूप मात्र नूरजहानच्या काळातील आहे, असे अभ्यासक मानतात. मूळ नाव आरामबाग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्र्यावर मराठ्यांचा अंमल असताना त्याचे रामबाग झाले, असे सांगतात. हे खरे असेल तर त्या बागेवर आपल्या माणसांनीही, एका अक्षराच्या लोपाने का होईना, आपली खूण ठेवली आहे.

बादशहांच्या बागेवरून आमच्यासारख्या कारकुनाने उपदेश काढू जावे हे हास्यास्पद दिसेल. त्यांच्यापाशी पाथरवट होते, खजिना होता, आणि ज्यांची गावे ओस पडली त्यांना विचारण्याची त्यांना गरज नव्हती. आपल्यापाशी चार कुंड्या आणि नळाला येणारे तासभर पाणी असते. तथापि एक गोष्ट दोघांनाही सारखीच लागू पडते. मुक्कामाची खात्री नसताना विहीर खोदावी की न खोदावी, हा निर्णय प्रत्येकाला स्वतःच करावा लागतो. आपल्यांतील कित्येकांनी नोकरीची उमेदीची वर्षे फलाटावर बसल्याप्रमाणे काढली आहेत. निवृत्तीनंतर पुण्यास किंवा नागपुरास खरे जगणे सुरू होईल, या आशेवर अंगणात तुळशीवाचून काही लावले नाही. ख्वाजा कलानचा पक्ष तोच होता, आणि तो काही मूर्ख नव्हता. त्याला ज्या ठिकाणी सुख वाटले तेथे तो गेला. पण त्याने भिंतीवर लिहिलेल्या ओळी दिल्लीच्या कोणत्या घरात होत्या हे आज कोणी दाखवू शकत नाही. आणि यमुनेपलीकडे मात्र पाणी मिळाले.

सरकारी घरात राहावयास आल्यावर मागे लिंबाचे झाड, कढीपत्ता किंवा शेवगा सापडतो तेव्हा तो कोणी लावला याची आपण क्वचितच चौकशी करतो. पूर्वीचा रहिवासी तमिळ होता की बंगाली, त्याने त्याची फळे खाल्ली की नाही, हे दप्तरात कोठेही नोंदलेले नसते. गुल-अफशानमधील अननस ज्यांनी खाल्ले त्यांनी ती विहीर खोदली नव्हती, आणि ज्याने खोदली त्याला अननस हे फळ ठाऊकही नव्हते. यंदा वैशाखात गावी निघण्यापूर्वी मोगऱ्याचे कलम लावावयाचे असेल तर लावावे. शेजाऱ्याला पाणी घालावयास सांगता येते.